घसरता येत नाही, म्हणून बर्फ आपला नाही काय?

थंडीचे दिवस आले की घरोघरी सहलीच्या गोष्टी निघतात. पूर्वी आपल्या घरांतून प्रवास व्हायचा तो दीक्षाभूमीचा, चैत्यभूमीचा, नाहीतर गावाकडच्या लग्नकार्याचा. आता मुले शिकली, नोकरीला लागली, रजेचा प्रवासभत्ता मिळू लागला आणि मुलेच आईवडिलांना म्हणू लागली, "चला, यंदा काश्मीरला जाऊ. गुलमर्गचा बर्फ दाखवतो." ऐकून बरे वाटते. पण दुसऱ्याच क्षणी मनात येते, तिथे तर लोक पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरतात. आपण साठीला टेकलेली माणसे. गुडघे कुरकुरतात. आपण तिथे जाऊन करायचे काय? खोलीत रजई पांघरून मुलांची वाट पाहत बसायचे?

आम्हाला असे विचारणारे बरेच भेटतात, त्यात भगिनी अधिक. म्हणून आज हाच विषय घेतला आहे. आम्ही स्कीइंग करीत नाही, पुढे करू असेही नाही. तरीसुद्धा मागे एका फेब्रुवारीत चार दिवस गुलमर्गला राहून आलो आणि ते चार दिवस आम्हाला कमी पडले. बर्फाच्या डोंगरावर न घसरणाऱ्या माणसाला पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे, खाण्यापिण्यासारखे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त आपण तिथे कमी दर्जाचे पाहुणे आहोत, ही भावना घरी ठेवून जावे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पीर पंजाल डोंगररांगेच्या कुशीत हे बशीसारखे पठार आहे. उंची सुमारे २,६५० मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी हजार मीटर वर गेल्यावर जे गाव लागेल, ते गुलमर्ग. इंग्रजांच्या अमलात, १९२७ साली, येथे स्की क्लब निघाला. स्वातंत्र्यानंतर सैन्याने १९४८ मध्ये जवानांना बर्फावर चालण्या-लढण्याचे शिक्षण देणारी शाळा इथेच काढली. पुढे केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्थाही आली. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा इथे होतात. इतके सगळे असले तरी पठारावर उभे राहून सभोवार पाहिले की कळते, पायाला फळ्या बांधलेली माणसे थोडी आणि आपल्यासारखी नुसती आलेली माणसे फार.

जाण्याची वाटही आता सोपी झाली आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाली. विमानाचे भाडे ज्यांना झेपत नाही, त्यांनी जम्मू-कटऱ्यापर्यंत आपल्या गाडीने आणि पुढे या गाडीने जावे. चिनाब नदीवरचा उंच पूल खिडकीतून पाहायला मिळतो, तो वेगळाच लाभ.

आता कपड्यांविषयी. पुष्कळ भगिनी इथेच अडतात. "एवढे गरम कपडे कुठून आणायचे?" विकत आणू नका. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग नावाचे गाव आहे. तिथे लांब कोट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट भाड्याने मिळतात. भाडे आधी ठरवावे, बूट आतून कोरडा आहे ना ते हात घालून पाहावे आणि नेहमीच्या मापापेक्षा एक आकडा मोठा घ्यावा, म्हणजे लोकरी मोज्यांचे दोन जोड आत मावतात. साडीच नेसणार असाल तर आतून लोकरीची विजार घाला आणि साडी घोट्याच्या वर नेसा. काठ भिजला की तो वाळत नाही, गोठून कडक होतो. कानटोपी, हातमोजे आणि काळा चष्मा हे तीन जिन्नस मात्र घरूनच न्यावेत. काळा चष्मा मिरवण्यासाठी नव्हे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडापैकी १०० तले ८० हून अधिक भाग परत फेकतो. ऊन वरूनही येते आणि खालूनही येते. दोन तासांत डोळे झोंबतात, नाकाचा शेंडा करपतो. भरपूर बर्फ पडला असेल तर साध्या गाड्या तंगमर्गलाच थांबवतात आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतून वर जावे लागते. त्यासाठी हातात वेळ आणि थोडे जादा पैसे ठेवावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न घसरणाऱ्याने तिथे करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे पहाटे उठून बाहेर पडावे. रात्री बर्फ पडून गेला असेल तर सकाळी जी शांतता असते, तशी शांतता आमच्या चाळीत किंवा वसाहतीत आम्ही कधी अनुभवली नव्हती. याला कारण आहे. भुरभुरीत बर्फाच्या कणांमध्ये हवा कोंडलेली असते आणि ती आवाज शोषून घेते, जसा पिंजलेला कापूस शोषतो तसा. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होते. बाकी सगळी हवाच. म्हणून पाय ठेवला की तो आत जातो आणि खाली करकर असा बारीक आवाज येतो. कडक थंडीत हा आवाज वाढतो, दुपारी बर्फ ओलसर झाला की कमी होतो. देवदारांच्या फांद्यांवरून मध्येच ओंजळभर बर्फ निसटतो आणि धप्पकन खाली पडतो. एवढेच ऐकत अर्धा तास उभे राहावे. यासाठी तिकीट नाही, गुरू नाही, गुडघेही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, शिकणाऱ्यांकडे पाहावे. पठाराच्या मध्यभागी उन्हाळ्यात गोल्फचे मैदान असते. हिवाळ्यात त्याच्या सौम्य उतारांवर नवशिके शिकतात. एका कडेला, चहाच्या टपरीजवळ बसायला जागा मिळाली तर तिथून हलू नये. मात्र नुसते बघू नका, समजून बघा. नवशिक्याला पहिला धडा असतो थांबण्याचा. दोन्ही फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर करायची, म्हणजे उलट्या पाटीसारखा कोन होतो, फळ्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. एवढे कळले की पाहण्यात रस येतो. कोण घाबरून मागे रेलतो आहे, कोण गुडघे मोडून पुढे वाकला आहे, हे ओळखता येते. मागे रेलला तो पडणार, हे आमच्या थोरल्या वहिनी दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगू लागल्या आणि त्यांचे म्हणणे दहात नऊ वेळा खरे ठरू लागले. क्रिकेट न खेळता क्रिकेटचे मर्म जाणणारे लाखो लोक आपल्याकडे आहेत. मग इथेच लाज कशाची?

या उतारांवरूनच खरे खेळाडूही निघाले आहेत. तंगमर्गच्या बाजूचा आरिफ खान हा मुलगा लहानपणापासून इथल्या बर्फावर घसरला आणि २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला. जायंट स्लालम या शर्यतीत तो ४५ वा आला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान होते. बर्फ ज्यांच्या अंगणात पडतो त्यांच्या मुलाला फळ्या मिळाल्या, शिकायला मिळाले, तर तो कुठवर जातो, हे यातून दिसते. आपल्या मुलांना ही गोष्ट तिथेच, तो उतार समोर असताना सांगावी.

तिसरी गोष्ट म्हणजे गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारा पाळणा. एका डब्यात सहा माणसे बसतात. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडूरी येथे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर पोहोचवतो. तिकिटे आधीच संगणकावरून काढून ठेवावीत. हंगामात आयत्या वेळी मिळण्याचा भरवसा नसतो.

आमचे सांगणे असे की वडीलधाऱ्यांनी पहिल्या टप्प्यावर समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही. कोंगडूरीलाच पुष्कळ बर्फ, पुष्कळ ऊन आणि बसायला जागा असते. दुसऱ्या टप्प्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ६० ते ६५ टक्केच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. ज्यांना हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. पोहोचल्या दिवशी तर कोणीच घाई करू नये. एक रात्र पठारावर काढून शरीराला सवय होऊ द्यावी, पाणी भरपूर प्यावे. ज्यांची प्रकृती धडधाकट आहे त्यांनी जरूर जावे. आकाश निरभ्र असेल तर दूर उत्तरेला, नियंत्रण रेषेपलीकडे, ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्बत दिसतो.

उंचीची ही करामत स्वयंपाकघरातही दिसते. गुलमर्गला पाणी १०० नव्हे, सुमारे ९१ अंशांनाच उकळते. उकळते खरे, पण तेवढे तापत नाही. म्हणून उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात डोकावून वहिनींनी आचाऱ्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "माँजी, यहाँ कुकर के बगैर राजमा नहीं गलता." शाळेतल्या मुलामुलींना विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा येथे जिभेवर कळतो.

डोंगराला भिऊ नये, पण गृहीतही धरू नये. २५ जून २०१७ रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात झाड उन्मळून गोंडोलाच्या दोरावर पडले आणि सातजणांचा जीव गेला. त्यात दिल्लीचे चौघांचे एक कुटुंब होते आणि तीन स्थानिक वाटाडे होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. म्हणून वारा वाढला आणि पाळणा थांबवला तर तिकिटाच्या पैशांसाठी कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. वर दोरी आणि झेंडे लावून जी हद्द आखलेली असते, तिच्या पलीकडे फोटोसाठी पाऊल टाकू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे सदर लिहावेसे वाटले, त्या गोष्टीकडे येतो.

गुलमर्गला गाडीतून उतरले की लाकडी स्लेज घेतलेली माणसे भोवती जमतात. स्लेज म्हणजे घसरगाडी. खाली दोन धावा आणि वर बसायला फळी. पर्यटकाने फळीवर बसायचे आणि त्या माणसाने दोर खांद्यावर घेऊन त्याला चढावर ओढत न्यायचे. मग वरून उतारावर तो पुढे बसतो, पर्यटक मागे, आणि गाडी सुसाट खाली येते. स्की न येणाऱ्यांसाठी हीच मुख्य मौज म्हणून सांगितली जाते. आमच्याही भोवती माणसे जमली. एकजण चाळिशीचा, फेरन घातलेला, वहिनींपुढे स्लेज ठेवून म्हणाला, "माँजी, आप बैठिए, ऊपर तक ले जाऊँगा."

वहिनी बसेनात. नगरपालिकेच्या शाळेत सेविका म्हणून त्यांची २८ वर्षे गेली. पाण्याचे हंडे वरच्या मजल्यावर नेणे, बाके उचलणे, मास्तरांच्या खुर्च्या या वर्गातून त्या वर्गात वाहणे हे त्यांनी केलेले. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, मी बसायचे आणि या माणसाने बैलासारखे ओढायचे? मला नाही जमायचे."

आम्ही त्या माणसाला नको म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. तो रागावला नाही, हात जोडून एवढेच म्हणाला, "माँजी, सर्दी के ये तीन-चार महीने यही काम है. आप नहीं बैठेंगी तो बच्चों को क्या खिलाऊँ?" वहिनी गप्प झाल्या. वाचकहो, पेच लक्षात घ्या. बसावे तर माणसाने माणसाला ओढायचे. न बसावे तर त्याची रोजी बुडायची. आपले तत्त्व सांभाळून आपण मोकळे होतो, आणि त्याची चूल थंड राहते. असे तत्त्व काय कामाचे?

वाट वहिनींनीच काढली. त्यांनी विचारले, "पूरे दिन का कितना लेते हो?" त्याने आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, "उतना देंगे. लेकिन चढाई हम चलेंगे. तुम हमारा हाथ पकडो, थैला पकडो, रास्ता बताओ. नीचे आते समय बैठेंगे." तो आधी बुचकळ्यात पडला, मग हसला. त्या दिवशी वहिनी त्याच्या हाताचा आधार घेत, दर पन्नास पावलांवर थांबत, टेकडी चढल्या. पाऊल आधी टाचेवर न टाकता सपाट कसे टाकावे, कुठे वर बर्फ आणि खाली पोकळ आहे, हे त्याने शिकवले. घरात कोण कोण आहे, मुली शाळेत जातात का, हे वहिनींनी विचारले. थोरली नववीत आहे हे ऐकून "उसको बीच में मत निकालना" असे बजावले. वरून खाली येताना मात्र त्या स्लेजवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. उतारावर गाडी आपल्या वजनानेच धावते. तिथे कोणी कोणाला ओढत नाही. दोघेही सारखेच घसरतात.

आम्हाला यात एक साधा नियम सापडला: चढ चालून चढा, उतार बसून उतरा आणि मजुरी पूर्ण द्या. ज्यांना एक पाऊलही चालवत नाही त्यांनी बसण्यात काही गैर नाही. आजारी आणि अपंग माणसाला माणसानेच मदत करायची असते. पण धडधाकट तरुणांनी दोघे-दोघे एका फळीवर बसायचे, ओढणाऱ्याला "जल्दी, जल्दी" म्हणायचे आणि खाली आल्यावर ठरल्या पैशांत घासाघीस करायची, हे चित्र आम्ही पाहिले आणि मान खाली गेली. घासाघीस करायचीच असेल तर आधी करावी. खाली येऊन करू नये.

हा प्रश्न एकट्या काश्मीरचा नाही. आपल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे आणि तिथे वर्षानुवर्षे माणसे हातरिक्षा ओढत आली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. ती सहा महिन्यांत बंद करा. त्याच निकालात या रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांच्या पोटाची सोय करा, असेही सांगितले. नुसती बंदी नव्हे, सोबत भाकरीही. वहिनींनी गुलमर्गच्या टेकडीवर जे केले, त्याची जात तीच होती. तिथे न्यायालय नव्हते, कायद्याचे पुस्तक नव्हते, फक्त एका कष्ट केलेल्या बाईला दुसऱ्याचे कष्ट कळले.

कष्टाची ओळख झाली की तिथल्या घरांचीही ओळख होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याला काश्मिरी लोक 'चिल्लई कलान' म्हणतात, म्हणजे मोठा गारठा. त्यानंतर वीस दिवसांचा धाकटा आणि दहा दिवसांचा बाळ गारठा असतो. या दिवसांत प्रत्येकाच्या फेरनखाली कांगडी असते; वेताच्या परडीत मातीचे भांडे आणि त्यात धगधगते निखारे. लोक ती पोटाशी धरून चालतात, बसतात, गप्पा मारतात. उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात त्यांची भाजी करतात. आपल्याकडे गवारीच्या शेंगा नि वांग्याच्या फोडी वाळवून ठेवतात, तशातलेच हे. पर्यटकाला केशर-बदामाचा गोड कहवा देतात, तो प्यावाच. पण घरात पितात तो नून चाय, गुलाबी रंगाचा खारट चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते, तिसऱ्या घोटाला अंगात ऊब येते. सोबत तंदूरची रोटी. हॉटेलात पनीर मागवण्यापेक्षा एखाद्या टपरीवर शेकोटीजवळ बसून हा चहा घ्यावा आणि शेजारच्या माणसाशी बोलावे. तेवढ्यानेही सहल सार्थकी लागते.

परतीच्या वाटेवर एक दिवस हाताशी असेल तर वाट थोडी वाकडी करून पट्टणच्या बाजूला परिहासपूरचे अवशेष पाहावेत. आठव्या शतकात ललितादित्य राजाने वसवलेले हे नगर. त्याच्या चंकुण नावाच्या बौद्ध मंत्र्याने इथे स्तूप बांधला. आज त्याचा प्रचंड चौथरा आणि चारी बाजूंच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या आहेत. अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांना इथे कोरीव काम फारसे दिसणार नाही. पण एकेक शिळा पाहिली की हात आपोआप जोडले जातात. इथे फारशी गर्दी नसते.

हा सगळा आनंद ज्याच्यावर उभा आहे, तो बर्फही आता बेभरवशाचा होत चालला आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणाऱ्या वादळी ढगांतून काश्मीरचा बर्फ पडतो. जानेवारी २०२४ मध्ये ते ढग फिरकलेच नाहीत आणि गुलमर्गचे पठार ऐन हिवाळ्यात करडे, उघडे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. स्कीपटूची तेवढी सहल वाया जाते. स्लेजवाल्याचे, घोडेवाल्याचे, टपरीवाल्याचे वर्ष वाया जाते. बर्फ वितळून ओढे वाहतात, त्या पाण्यावर खालची शेते आणि सफरचंदाच्या बागा पिकतात. बर्फ म्हणजे डोंगराने जपून ठेवलेले पाणी. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक दुःख सांगितल्यावाचून राहवत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या पठारावर अतिरेक्यांनी २६ जणांना मारले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहाजण होते. पर्यटकांना घेऊन आलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर जावे की न जावे, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मनाने आणि सरकारी सूचना पाहून ठरवावे. आम्ही कोणाला आग्रह करणार नाही. एवढेच सांगू की पाहुण्यावर ज्यांचे पोट आहे, ती माणसे पाहुण्याच्या जिवाला जपतात.

तेव्हा भगिनींनो, मुले न्यायला तयार असतील तर "आम्ही तिथे काय करणार" असे म्हणून मागे राहू नका. मुलांनाही आमचे सांगणे आहे: तुम्ही खुशाल फळ्या बांधून घसरा, पण आईवडिलांना खोलीत बसवून ठेवू नका. त्यांच्यासाठी एक चांगला बूट, एक काळा चष्मा, पहिल्या टप्प्याचे तिकीट आणि हाताला धरून चालवणारा एक जाणता माणूस एवढी तजवीज करा. सायंकाळी तुम्ही किती वेळा पडलात ते त्यांना सांगा आणि त्यांनी दिवसभर काय पाहिले ते त्यांना विचारा. बहुधा त्यांच्याकडे सांगण्यासारखे तुमच्यापेक्षा जास्त असेल. फळ्या बांधलेल्या माणसाचे सारे लक्ष पायाखाली असते. चालणाऱ्याला डोंगर दिसतो, झाडे दिसतात आणि दोर ओढणारा माणूसही दिसतो.